पझल्स सुटतात, मग डावात काय होतं?

या महिन्यात बुद्धिबळावरचे प्रश्न भरपूर आलेत आणि निम्म्याहून जास्त पझल्सबद्दलच (तयार पोझिशनमधून नेमकी चाल शोधायची कोडी) आहेत, म्हणून ओपनिंगवाल्यांनी थोडं थांबा, तुमचे पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : अ‍ॅपवर माझं पझल रेटिंग १९००च्या आसपास आहे पण रॅपिड खेळताना १३००च्या पुढे सरकतच नाहीये. रोज वीस-पंचवीस पझल्स करतो. डाव संपल्यावर इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) दाखवतं की साधा दोन चालींचा फोर्क (एकाच मोहऱ्याने दोघांवर हल्ला) होता आणि मला दिसलाच नाही. असं का होतं?

पहिलं म्हणजे ते दोन आकडे शेजारी ठेवून बघूच नका. पझल रेटिंग पझल्सविरुद्ध मिळतं, डावाचं रेटिंग माणसांविरुद्ध, दोन्हीची मोजपट्टी वेगळी, आणि पझलचा आकडा बहुतेकांचा जास्तच असतो. त्यामुळे सहाशेचा फरक बघून घाबरायचं कारण नाही.

पण फोर्क दिसला नाही हे खरं दुखणं आहे. पझल समोर आलं की तुम्हाला आधीच तीन गोष्टी कळलेल्या असतात, इथे काहीतरी आहे, ते आपल्याच बाजूने आहे आणि ते आत्ताच करायचंय. डावात यातलं काहीच कोणी सांगत नाही. चाळीस चालींच्या डावात बहुतेक वेळा काहीही नसतं, आणि जेव्हा असतं तेव्हा पट अगदी आधीसारखाच शांत दिसतो. म्हणजे तुम्हाला सोडवता येतं, शोधायला कधी सुरुवात करायची तेवढं कळत नाही, आणि त्याची प्रॅक्टिस नुसती पझल्स वाढवून होत नाही.

मग काय करायचं? समोरच्याची चाल झाली की आपला प्लॅन पुढे रेटायच्या आधी एवढं बघायचं की त्या मोहऱ्याने आता कशावर नजर ठेवली, आणि जिथून ते निघालं तिथलं काय उघडं पडलं. दुसरा भाग लोक हमखास विसरतात. घोडा हल्ल्याला आला म्हणून आपण घाबरून त्याच्याकडेच बघत बसतो आणि तो घोडा आधी ज्या उंटाला सांभाळत होता तो उंट आता कोणाच्याच आधाराशिवाय उभा आहे हे राहून जातं. फोर्क, पिन (मागे मोठं मोहरं असल्याने हलता न येणं), डिस्कव्हर्ड अटॅक (पुढचं मोहरं हललं की मागच्याचा हल्ला उघडणं), बहुतेक सगळ्यांच्या मुळाशी असं एखादं आधार नसलेलं मोहरं किंवा उघडा पडलेला राजा असतो. तेव्हा दोन्ही बाजूंची बिनआधाराची मोहरी मोजायची सवय लावा, आपलीसुद्धा, कारण निम्म्या टॅक्टिक्स (असले डावपेच) समोरच्याच्या असतात आणि पझलमध्ये त्या बाजूने बसायची वेळच येत नाही. मग शह, मोहरी मारणं, धमक्या या क्रमाने एक फेरी. सुरुवातीला वेळ जाईल, ब्लिट्झमध्ये (अगदी झटपट डावांत) तर जमणारच नाही, म्हणून काही दिवस जरा लांब वेळेचे डाव खेळा.

आणि सगळ्यात उपयोगी पझल्स तुमच्याच डावांत पडलेली आहेत. इंजिनचा आलेख (कोणाची बाजू किती वरचढ ते दाखवणारा) जिथे एकदम वर किंवा खाली गेला ती पोझिशन सेव्ह करा, उत्तर न लिहिता. समोरच्याने जे सोडलं तेही घ्या. त्यात चार-पाच अशा पोझिशन्स मिसळा जिथे काहीच टॅक्टिक नव्हती, साधी चांगली चाल होती. आठवड्याने ते सगळं उलटसुलट करून बघा, म्हणजे ‘इथे आहे की नाही’ हाच प्रश्न समोर येईल, जो डावात येतो. वीस-पंचवीसच्या जागी रोज दहाच पझल्स करून उरलेला वेळ याला दिलात तरी चालेल.

प्रश्न : एकच पुस्तक परत परत सोडवावं की नवीन नवीन घ्यावीत? दुसऱ्यांदा करताना उत्तरं पाठ असतात, मग त्याचा काय फायदा? आणि ते लास्लो पोल्गारचं कोड्यांचं जाडजूड पुस्तक घेऊ का?

परत परत, नक्कीच. ‘उत्तरं पाठ होतात’ ही तक्रार म्हणून येते, पण सोप्या पोझिशन्सच्या बाबतीत आपल्याला हवंय तेच तर आहे. १९७३ साली चेस आणि सायमन या दोघा मानसशास्त्र संशोधकांनी एक प्रयोग मांडला होता (त्यातल्या एकाचं आडनावच चेस, हा निव्वळ योगायोग), खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवायचा आणि मग आठवणीने मांडायला लावायचा. खऱ्या डावातली पोझिशन असली की मास्टर नवख्यांच्या खूप पुढे, पण मोहरी कशीही विखरून ठेवली की त्याचा फायदा जवळजवळ संपला. मास्टरला सुटी सुटी मोहरी दिसत नाहीत, ओळखीचे गट दिसतात, आणि ओळख परत परत भेटूनच होते ना.

स्वीडनचा खेळाडू हान्स टिक्कानेन याने हेच टोकाला नेलं, एकच संच पुन्हा पुन्हा, प्रत्येक फेरी आधीपेक्षा कमी दिवसांत. २०१०मध्ये त्याने ग्रँडमास्टरचे नॉर्म (त्या किताबासाठी स्पर्धांत लागणारी कामगिरी) मिळवले, आणि अ‍ॅक्सेल स्मिथबरोबर २०१८ साली त्या पद्धतीचं पुस्तक काढलं त्यात ११२८ पोझिशन्स आहेत. पण तो आधीच इंटरनॅशनल मास्टर (ग्रँडमास्टरच्या एक पायरी खाली) होता, त्याचं टाइमटेबल जसंच्या तसं उचललंत तर तिसऱ्या दिवशी पुस्तक कपाटात जाईल. तुमच्या लेव्हलची दोन-तीनशे पोझिशन्स घ्या, बहुतेक एक-दोन मिनिटांत सुटतील अशा. पहिल्या फेरीत ज्या चुकल्या त्यांच्यापुढे टिंब, दुसऱ्यातही चुकल्या तर अजून एक टिंब. तिसऱ्या फेरीला फक्त टिंबवाल्या केल्या तरी पुरे.

पाठांतर घातक होतं ते अवघड पोझिशन्समध्ये. तिथे हेतू कॅल्क्युलेशनचा असतो, एकदा उत्तर कळलं की तो व्यायाम संपला, म्हणून त्या नवीनच हव्यात आणि एकेकीला दहा-पंधरा मिनिटं द्यायची तयारी हवी. गोंधळ होतो तो इथेच, बरेच जण मधलीच पझल्स मधल्याच स्पीडने करत राहतात, त्यात ना ओळख पक्की होते ना डोकं ताणलं जातं.

पोल्गारच्या पुस्तकात ५३३४ आयटम आहेत, त्यातले ३४१२ दोन चालींत मातचे. त्यांतल्या पुष्कळ रचलेल्या पोझिशन्स आहेत, खऱ्या डावातल्या नाहीत, पहिली चाल मुद्दाम लपवलेली, शह नसलेली. अचूकपणासाठी छान, पण १२००च्या खेळाडूने फक्त तेच केलं तर डावात येणारे साधे पिन-फोर्क बाजूलाच राहतात. एक चालीत मातचे ३०६ मात्र कोणीही करावेत, नवशिक्याने तर दोनदा.

प्रश्न : (अक्षर म्हणजे पटाची उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी.) पांढरा : राजा जी१, वजीर ई६, घोडा जी५, प्यादी एफ२, जी२, एच२. काळा : राजा एच८, वजीर बी२, हत्ती ए८, प्यादी जी७, एच७. पांढऱ्याची चाल. मी घोडा एफ७ शह हे लगेच ओळखलं. आमच्या ग्रुपमध्ये वाद झाला, पहिली चाल बरोबर म्हणजे पझल सुटलं का?

नाही सुटलं, अर्धंच झालं. घोडा एफ७ शह, राजा जी८ला, मग घोडा एच६ डबल चेक (घोड्याचा आणि वजिराचा एकदम शह). आता राजाला दोन घरं आहेत. एच८ला गेला तर वजीर जी८ शह, घोड्याचा जोर असल्यामुळे राजाला वजीर मारता येत नाही, हत्तीनेच मारावा लागतो आणि घोडा एफ७ मात, राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेला. हे सगळ्यांना पाठ असतं. पण राजा एफ८ला गेला तर? वजीर एफ७ मात. ही फांदी ज्याने आधी पाहिली त्याचं पझल सुटलं. ‘तिथे गेला तर बघू’ म्हणून पटकन घोडा उचलणाऱ्याचं नाही, भले अ‍ॅपने त्याला हिरवी टिक दिली असेल.

आता काळ्याचं एच७चं प्यादं उचलून एच६ला ठेवून बघा. घोडा एफ७ शहाला राजा सरळ एच७ला निघून जातो आणि ती पाठ मात हवेत विरते. पॅटर्न ओळखीचा वाटला की हात शिवशिवतो, तिथेच एक सेकंद थांबून विचारायचं की या पोझिशनमध्ये काय वेगळं आहे. ग्रुपला हेच काम द्या, प्रत्येक पझलमधलं एक प्यादं हलवून उत्तर मोडून दाखवायचं. खूप मजा येते आणि भांडणंही जास्त होतात.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. पुस्तकातलं चित्र बघून दोन सेकंदांत उत्तर सांगते, चुकलं की लगेच दुसरं सांगते. लक्ष देत नाही म्हणून रागावते मी. काय करू?

ताई, रागावू नका, तिला आत्तापर्यंत तसंच शिकवलं गेलंय, चूक फुकट आहे आणि लगेच दुसरी संधी मिळते. तिला पट मांडून द्या, मोहरी हलवायची नाहीत आणि उत्तर वहीत लिहायचं, आपली चाल, समोरच्याची चांगल्यात चांगली चाल, आपली पुढची. एका पोझिशनला एकच उत्तर. पाच-सहाच पोझिशन्स, पण रोज. आणि कधी कधी तुम्ही काळ्या बाजूने बसून तिच्या उत्तरावर वाईट चाली न करता चांगला बचाव करून दाखवा, तुम्हाला खेळता येत नसेल तर तीच शिकवेल तुम्हाला आणि शिकवताना आपोआप हळू होईल. जी पोझिशन दोन सेकंदांत बरोबर सांगते ती मात्र सांगू द्या, तिथे उगाच थांबवून ठेवायची गरज नाही.

प्रश्न : तीन मिनिटांत जास्तीत जास्त पझल्स सोडवायचा तो मोड, त्याने खेळ सुधारतो की बिघडतो?

वॉर्मअपला चांगला, डावाआधी एक-दोन राउंड करा आणि बंद करा. त्यात येतात ती सुरुवातीची पझल्स बहुतेक सोपी असतात, म्हणजे जे येतं तेच जरा फास्ट होतं. स्कोअर वाढवायच्या नादात अंदाजाने चाल टाकायला लागलात असं जाणवलं तर आठवडाभर तो मोड उघडूच नका, आणि चुकलेली पझल्स शेवटी लिस्टमध्ये दिसतात ती निवांत बसून परत सोडवा, ती लिस्ट शंभरातले नव्वद लोक न बघताच पुढचा राउंड सुरू करतात असा माझा अंदाज आहे.