नाशिकला मुंबई-आग्रा हायवेलगत सायकलींचं दुकान काढतोय. पाटीवर जाड, तिरका सॅन्स सेरिफ (अक्षरांच्या टोकांना शेपट्या नसलेला) फॉन्ट चालेल का?

चालेल, पण फक्त दुकानाच्या नावाला. पत्ता, फोन नंबर आणि 'पंक्चर काढून मिळेल' हे सरळ, मध्यम जाडीच्या अक्षरातच ठेवा. उजवीकडे झुकलेलं अक्षर पळतंय असं वाटतं, म्हणून सायकल, कुरिअर, जिम, स्पर्धेचे टी-शर्ट यांना ते शोभतं. (पैठणीच्या दुकानाला घातलंत तर साड्याही धावतायत असं वाटेल.) मी इथे फ्लेक्स आणि पाट्यांचंच डिझाइन करतो. नेहमीची चूक एकच: कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा देवनागरी फॉन्ट घेऊन हाताने तिरका ओढायचा. शिरोरेषा आडवीच राहते, काना मात्र कलतो, गोलाई एका बाजूला फुगते आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. शिवाय जाडी वाढली की 'ध', 'घ', 'क्ष' यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते. चालत्या गाडीतून नुसता काळा ठिपका दिसतो. त्यापेक्षा मुळातच तिरकी अक्षरं असलेला फॉन्ट घ्या. पॉपिन्स या फॉन्टमध्ये देवनागरी आहे, तिरपे प्रकार आहेत, आणि तो फुकट आहे. त्यातल्या 'ब्लॅक' या सगळ्यात जाड प्रकाराऐवजी 'बोल्ड' निवडा, अक्षरांत जरा अंतर सोडा. एक मात्र बघा: बऱ्याच फॉन्टांत 'ल' आणि 'श' आधी हिंदी वळणाचे येतात. छापायला देण्याआधी प्रूफवर, म्हणजे नमुन्याच्या कागदावर, ही दोन अक्षरं तपासा आणि कागद दहा-बारा पावलांवर धरून वाचून बघा.