तेर्सेरा फेदेरासियोन पाहू लागणाऱ्यांसाठी

स्पॅनिश फुटबॉलची ही पाचवी श्रेणी समजून घेताना जुने लेख जपून वाचावेत, कारण 2021 च्या फेररचनेपूर्वी ‘तेर्सेरा दिविसियोन’ ही चौथी श्रेणी होती आणि नावांच्या साम्यामुळे नवख्यांची हमखास गल्लत होते. आज येथे स्वायत्त प्रदेशांनुसार पाडलेले 18 गट असून केवळ अंदालुसियाचे दोन गट आहेत. गटविजेता थेट सेगुंदा फेदेरासियोनमध्ये, म्हणजे वरच्या चौथ्या श्रेणीत जातो. गुणतक्त्यात मोठ्या क्लबांच्या राखीव संघांकडे मात्र बारकाईने पाहा, कारण मुख्य संघ ज्या श्रेणीत खेळतो, तीत त्यांना बढती मिळत नाही. सुरुवात एकाच गटापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. मला स्वतःला बास्क प्रदेशाचा चौथा गट विशेष प्रिय आहे, जिथे बास्कोनिया हा अ‍ॅथलेटिक बिल्बाओच्या छत्राखालील संघ खेळत आला आहे.