नोकरी सोडून एमएस्सी नर्सिंग करावं का?

प्रश्न: सोलापुरात खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. जीएनएम या नर्सिंग डिप्लोमानंतर पोस्ट बेसिक बीएस्सी केलं. माझा पगार २४,०००, पती टॉवेलच्या कारखान्यात, त्यांचे सरासरी १५,०००. घरखर्च ३०,०००, त्यात भिशीचे ५,०००. भिशी उचलून झाली, दहा हप्ते राहिलेत. एफडी २,४०,०००. एमएस्सीची फी वर्षाला दीड लाख. सोलापुरात करू, पुण्याला जाऊ, की एक एजंट म्हणतो तसं नोकरी सांभाळून फक्त परीक्षेला जाऊ?

ताई, आधी एजंटाचं मिटवू. एमएस्सी नर्सिंग दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. परीक्षेला बसायलाच थिअरी आणि प्रॅक्टिकलला किमान ८० टक्के हजेरी लागते. त्या एजंटाला ॲडव्हान्स म्हणून शंभर रुपयेही देऊ नका.

म्हणजे दोन वर्षं पगार बंद. फी तीन लाख, बुडणारा पगार ५,७६,०००. चौकशी मात्र सगळे फीचीच करतात!

याच वर्षी प्रवेश घेतलात तर भिशी संपेपर्यंत दरमहा १५,००० आणि नंतर १०,००० कमी पडतील. फी सोडून दोन वर्षांत २,९०,०००. एफडी मोडूनही ५०,००० ची ओढ राहते, आणि कारखान्याचं काम मंदावलं तर ती किती वाढेल सांगता येत नाही. दहा महिने थांबलात तर भिशी फिटते, महिन्याला उरणाऱ्या ९,००० चे ९०,००० जमतात. मग खड्डा २,४०,००० चा आणि हाताशी ३,३०,०००. मी थांबेन. या दहा महिन्यांत प्रवेश परीक्षेचा अभ्यासही होईल.

फीसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज घ्या. चार लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. व्याज १० टक्के धरलं तर पहिल्या वर्षी महिना १,२५०, दुसऱ्या वर्षी २,५००. शिकत असतानाच ते भरत राहा, नाहीतर मुद्दलात चढतं. दोन वर्षांच्या व्याजाचे हे ४५,००० गेल्यावरही तेवढेच दुखण्याखुपण्याला उरतात. कर्जावर कर वाचतो असं कुणी सांगेल. व्याजावरची ती सवलत फक्त जुन्या करप्रणालीत आहे, आणि तुमच्या पगारावर कर लागतच नाही, वाचवायचं काय?

एक मात्र आत्ताच विचारून घ्या: तुमच्या रुग्णालयात एमएस्सी झालेल्या सिस्टरला किती जास्त मिळतात? या पदवीची खरी किंमत नर्सिंग कॉलेजात शिकवायला जाणाऱ्याला मिळते. वॉर्डातच राहायचं असेल, तर क्रिटिकल केअरचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही बघा. तोही पूर्णवेळच, पण एकाच वर्षात संपतो.

पुण्याला हॉस्टेल-मेसचे महिना दहा हजार धरले तरी आणखी २,४०,००० लागतील. हुतात्मा एक्स्प्रेसनं रोज ये-जा करायचा विचार असेल तर सोडा, एका बाजूलाच चार तास जातात. प्रवेशाच्या यादीत फक्त पुण्याची सीट लागली, तर त्या वर्षी प्रवेश घेऊ नका.