गंजाचा केशरी रंग

प्रश्न : कॅनडाचे छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की यांचे केशरी नदीचे छायाचित्र मी एका पुस्तकात पाहिले. ते इतके देखणे आहे की, हा खाणीतला टाकाऊ गाळ आहे हे मला मागाहून कळले. नासधूस अशी सुंदर करून दाखवणे योग्य आहे का? आणि अशी छायाचित्रे एवढी मोठी का छापतात?

उत्तर : ते छायाचित्र १९९६ सालचे, आँटॅरिओ प्रांतातल्या सडबरीचे आहे. काळ्याठिक्कर जमिनीतून तापल्या लोखंडासारखा लालभडक प्रवाह वाहताना त्यात दिसतो. दळलेल्या खनिजातून निकेल काढून घेतल्यावर जो गाळ उरतो त्यात लोह असते, आणि हवा-पाणी लागून ते गंजले की पाण्याला हा रंग चढतो. आपल्याला जे देखणे वाटले, तो गंजच आहे.

आकाराचे कारण आधी सांगतो. बर्टिन्स्की यांनी अनेक वर्षे ४ × ५ इंची फिल्मचा कॅमेरा वापरला. ही फिल्म नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे १५ पट मोठी असल्यामुळे भिंतभर छापले तरी बारकावे टिकून राहतात. चीनमधल्या देहुई शहरातील कोंबड्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचे त्यांचे २००५ सालचे छायाचित्र लांबून पाहिले, तर गुलाबी पट्ट्यांची नक्षी वाटते. जवळ गेले की त्यातला एकेक ठिपका म्हणजे गुलाबी कपड्यांतला, खाली मान घालून काम करणारा माणूस असतो. पुस्तकाच्या पानावर ही माणसे पुसली जातात, आणि माझ्या मते तिथेच छायाचित्राचा जीव जातो.

आता सौंदर्याविषयी. उकिरड्याचे ओंगळ चित्र आपण पान उलटून मागे टाकतो, तर या चित्रापाशी आपण थांबलात आणि हे काय आहे, असे विचारलेत. म्हणून मला हे सौंदर्य फसवे वाटत नाही. मात्र आपली शंका अगदीच निराधार नाही. इतक्या दुरून पाहणाऱ्याला त्या गाळाजवळ कोण राहते, त्यांच्या पाण्याचे काय होते, हे कळत नाही, आणि तो दोष कितीही मोठ्या छपाईने भरून निघत नाही. म्हणूनच बर्टिन्स्की शीर्षकात जागा आणि साल देतात, याला मी फार महत्त्व देतो. या छायाचित्राचे शीर्षक ‘निकेल टेलिंग्ज क्रमांक ३४, सडबरी, आँटॅरिओ, १९९६’ असे आहे. टेलिंग्ज म्हणजे तोच उरलेला गाळ. आपल्या पुस्तकात हे शीर्षक चित्राशेजारी न छापता शेवटच्या यादीत ढकलले असेल, तर आपली दिशाभूल चित्राने नव्हे, त्या मांडणीने केली.