अमेरिकेतल्या जॉर्जियात नववी ते बारावीचे कोर्स कसे ठरवावेत? ऑनर्स, एपी किती घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठवीत आहे, अटलांटाच्या उत्तरेला राहता, हायस्कूलचा कोर्स निवडायचा फॉर्म घरी आलाय आणि हायस्कूलचं ग्रॅज्युएशन, चांगलं कॉलेज, कॉलेजच्या ट्यूशनसाठी राज्याची होप स्कॉलरशिप असं तिन्ही साधायचंय. इथवर ठीक. पण शेवटी तुम्ही विचारलंय की ‘सगळीकडे ऑनर्स घातलं की झालं ना?’ (ऑनर्स म्हणजे त्याच विषयाचा कठीण वर्ग, एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचा कोर्स.) मी इथे नुसता वाचायला येतो, लिहीत नाही, पण हे वाक्य वाचलं आणि रात्री साडेअकराला टाइप करायला बसलो. नाही हो, नाही झालं. आमच्या घरी याच वाक्यावरून चार वर्षं महाभारत झालंय.

आधी एक गोष्ट. हे तीन हिशोब वेगळे आहेत आणि तिन्ही वेगवेगळे लोक करतात. शाळेतून पास होऊन बाहेर पडायला २३ क्रेडिट लागतात (एक विषय वर्षभर म्हणजे एक क्रेडिट), इंग्रजी-गणित-सायन्स चार चार, सोशल स्टडीज तीन, मग हेल्थ, पीई, इलेक्टिव्ह वगैरे भरताड. यूजीए (युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया), जॉर्जिया टेक, जॉर्जिया स्टेट वगैरे सरकारी युनिव्हर्सिट्या हे २३ बघत नाहीत, त्या त्यांचे १७ मोजतात, आणि त्यात एकाच परदेशी भाषेची दोन वर्षं असतात, जी शाळेतून पास व्हायला सक्तीची नाहीत. म्हणजे पोरगी टोपी उडवून ग्रॅज्युएट होईल आणि कॉलेजच्या अर्जात स्पॅनिशचं एक वर्ष कमी निघेल. असं होतं, मी बघितलंय. आणि तिसरे होपवाले. ते शाळेचा जीपीए (ग्रेडची सरासरी) घेतच नाहीत, स्वतः नव्याने काढतात.

या तिसऱ्या हिशोबात आम्ही आपटलो. आता लांबण लागणार आहे, घाई असेल तर खाली जा.

आमचा मुलगा २०२२ ला ग्रॅज्युएट झाला. नववीत असताना तो मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. जुलैच्या उन्हात पार्किंग लॉटमध्ये कॅम्प, शाळा सुटल्यावर प्रॅक्टिस, शुक्रवारी रात्री फुटबॉलची मॅच, घरी यायला अकरा. नववी संपता संपता फॉर्म आला. त्याच आठवड्यात आमच्या साडूंकडे जेवायला गेलो होतो. त्यांची मुलगी दोन वर्षं पुढे. श्रीखंड वाढता वाढता साडू म्हणाले, ‘बँडबिंड ठीक आहे हो, पण कॉलेजवाले रिगर बघतात, कोर्स किती कठीण घेतले ते. ऑनर्स नसेल तर तुमचा फॉर्म उघडणारसुद्धा नाहीत.’ बायको म्हणाली, त्याला केमिस्ट्री जड जाते, साधी घेऊ दे की. त्यावर साडू हसले. तेवढंच. पण ते हसणं मला लागलं, आणि घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडून एक्सेल केलं. शाळेत ऑनर्सच्या मार्कांत सात मार्क वाढवून जीपीए धरायचे. म्हणजे ८४ मिळाले तरी ते ९१. मला वाटलं, अरे हे तर फुकटचे सात मार्क आहेत, कोण सोडेल! इंग्रजी ऑनर्स, केमिस्ट्री ऑनर्स, गणित ऑनर्स, सगळं ऑनर्स. आणि एवढं झेपायचं तर बँड बंद.

पोरगा भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं. ट्रम्पेट भाड्याचं होतं, ते परत द्यायला आम्ही दोघं गेलो. दुकानातल्या म्हाताऱ्याने केस उघडली, तिन्ही व्हॉल्व्ह दाबून बघितले, मखमलीतल्या रिकाम्या खाचेवर बोट ठेवलं आणि विचारलं, माउथपीस कुठेय? घरी राहिला होता. त्याचे पैसे भरून टाकले. तो माउथपीस अजून आमच्या किचनच्या ड्रॉवरमध्ये झारा-उलथन्यांत पडलेला असतो, फेकायचं कोणी नाव काढत नाही.

बरं, पुढचं ऐका. पुढची दोन वर्षं पोराला ऑनर्सला ८३, ८६, ८८ असे मार्क पडत गेले आणि शाळेच्या कागदावर ते झकास दिसत होते, नव्वदीच्या वरच. मी खूश. साडूंना फोनवर सांगायचो पण. बारावीच्या सुरुवातीला पहिल्यांदा जीए फ्युचर्स या राज्याच्या साइटवर लॉगिन केलं, तिथे राज्याने काढलेला होप जीपीए दिसतो. ३.५९. मला वाटलं दुसऱ्याच कोणाचं अकाउंट उघडलं. पोरगा समोर पोहे खात होता, त्याला विचारलं हे काय आहे, तो म्हणाला, ‘बाबा, मला काय माहीत, एक्सेल तुमचं आहे.’

मग बसून नियम वाचले, जे नववीत वाचायचे होते. होपवाले शाळेने वाढवलेले मार्क आधी काढून टाकतात. सात मार्क गेले, ९१ चे परत ८४ झाले आणि ८४ म्हणजे बी. बी म्हणजे ३, ए म्हणजे ४, मध्ये काही नाही, ८९ पण बी आणि ८० पण बी. वाढीव वजन फक्त एपी, आयबी (एपीसारखाच एक आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) आणि ड्युअल एनरोलमेंटच्या (शाळेत असतानाच घेतलेले कॉलेजचे कोर्स) कोअर विषयांना, तेही अर्धा पॉइंट आणि चारच्या वर जायचं नाही. ऑनर्सला शून्य. परत सांगतो, ऑनर्सला शून्य. धरतात ते इंग्रजी, गणित, सायन्स, सोशल स्टडीज आणि परदेशी भाषा, बाकी काही धरत नाहीत. बँडसुद्धा नाही. म्हणजे बँडमध्ये राहिला असता तर होपच्या जीपीएला ओरखडाही आला नसता. आणि नापास होऊन परत दिलेला विषय असेल तर दोन्ही वेळचे ग्रेड धरतात, आधीचा पुसला जात नाही.

होपला ३.० लागतो. त्याच्या वरची झेल मिलर, तिला ३.७० आणि एका बैठकीत सॅटला (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) १२००. सॅट त्याची आरामात होती. पण तीन वर्षांत अकरा सेमिस्टरला बी, सगळे ऑनर्सचे, म्हणजे साडेपाच क्रेडिटवर एकेक पॉइंट गेलेला. बारावी धरून कोअरचे एकूण १८ क्रेडिट होणार होते. मी परत एक्सेल उघडलं. बारावीत एकूण एक विषयात ए आणला असता तरी ३.६९ होत होता. तीन पॉइंट एकोणसत्तर! आणि हे लोक राउंड करत नाहीत. शेवटी एका एपीत बी आला आणि ३.६६ वर गाडी थांबली.

साडूंच्या मुलीला झेल मिळाली होती, ती हुशारच आहे, तिच्याबद्दल एक शब्द नाही. पण साडूंनी पेढे आणले तेव्हा काय म्हणावं? ‘तुमचं थोडक्यात हुकलं, पण रिगर होता म्हणून यूजीए तरी मिळालं.’ यूजीए तरी! अहो, त्या रिगरनेच तर घालवलं ना. झेल आणि होप दोन्हींना रिगरच्या यादीतले चार क्रेडिट लागतात हे खरं, पण त्या यादीत एपी, आयबी, वरच्या लेव्हलचं गणित-सायन्स, ड्युअल एनरोलमेंट असले कोर्स आहेत. नववीचं ऑनर्स इंग्रजी घेतलं म्हणून तिथे कोणी वेगळा क्रेडिट देत नाही.

मला जास्त लाज कशाची वाटली सांगू का? माझे वडील एसटीत कंडक्टर होते, सांगली डेपोला. १९९३ ला मी दहावी झालो. (होप पण १९९३ चीच, गव्हर्नर झेल मिलरच्या काळातली, लॉटरीच्या पैशावर चालते. पेट्रोल भरायला गेलात की काउंटरवर लोक तिकिटं खरवडत असतात ना, त्यातून आपल्या पोरांची ट्यूशन जाते.) तर अकरावीला अ‍ॅडमिशन घेताना अण्णांनी चार ठिकाणी विचारून मला बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घ्यायला लावलं. २०० मार्कांचा विषय, बायोलॉजी सुटली, दुसरी भाषा सुटली, आणि तेव्हा सीईटी नव्हती, इंजिनियरिंगला बारावीचे पीसीएमचे मार्क बघायचे, म्हणजे सगळा वेळ पीसीएमला. सातवी शिकलेल्या माणसाला एवढं कळलं की मोजणारा काय मोजतो ते आधी विचारावं, मग पोराला कामाला लावावं. आणि मी इंजिनियर, चार्ट काढून बसलो, आणि नियमाचं पान उघडलं नाही. शाळेच्या कौन्सिलरला दोष देऊन उपयोग नाही, तिच्याकडे शेकडो पोरं, तिने ग्रॅज्युएशनचे क्रेडिट बरोबर आहेत म्हणून सही केली, ते बरोबरच होते.

पैशाचं म्हणाल तर गंमत वेगळीच झाली. २०११ ला होपमध्ये कपात झाली आणि झेल मिलर वेगळी काढली, तेव्हापासून झेलवाल्यांना सरकारी कॉलेजात पूर्ण ट्यूशन आणि होपवाल्यांना थोडी कमी असं चालू होतं. आमच्या पोराचं पहिलं वर्ष त्यात गेलं, फरक काही घर विकण्याइतका नव्हता. २०२३ च्या फॉलपासून होपलाही पूर्ण ट्यूशन मिळायला लागली. झालं, साडूंचा लगेच मेसेज: ‘बघा, मी म्हणत होतो ना, काही फरक पडत नाही.’ ते असं कधीही म्हणाले नव्हते! राहणं, जेवण, ट्यूशन सोडून बाकीची फी हे दोन्हीत नसतंच, ते आपल्याच खिशातून. आणि कॉलेजात गेल्यावरही ती टिकवावी लागते, होपला ३.०, झेलला ३.३, ठरावीक तासांनंतर चेक करतात.

तेव्हा तुमच्या मुलीसाठी माझं स्पष्ट मत. नववीत ऑनर्स त्याच विषयात घ्या ज्यात तिला ऑनर्स घेऊनही नव्वद पडतील. बाकीच्यात साधा वर्ग आणि ए. दहावीनंतर जिथे खरोखर दम आहे तिथे थेट एपी, कारण तिथे बी पडला तरी ३.५ धरतात. स्पॅनिश काय किंवा फ्रेंच काय, एकच भाषा निदान दोन वर्षं, मध्ये सोडायची नाही. (आता त्याऐवजी कॉम्प्युटर सायन्सचे दोन कोर्सही चालतात, पण बाहेरच्या राज्यातल्या कॉलेजांचा विचार असेल तर भाषाच बरी.) टेकला इंजिनियरिंग डोक्यात असेल तर बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोचणारा गणिताचा ट्रॅक आत्ताच बघून घ्या, नंतर उडी मारणं फार जड जातं. आणि जीए फ्युचर्सचं अकाउंट नववीतच काढा.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर बायको म्हणेल एकतर्फी लिहिलंस. कॉलेजची अ‍ॅडमिशन म्हणजे होप नाही. तिथे तुमच्या शाळेत जे कोर्स मिळत होते त्यातले किती कठीण घेतले हे खरंच बघतात. सगळे साधे वर्ग घेतले असते तर आमच्या पोराला यूजीए मिळालं असतं का? हा प्रश्न साडू दर दिवाळीला विचारतात आणि मी दर दिवाळीला चकली घ्यायला किचनमध्ये जातो. धाकटीला मी माझं नवीन एक्सेल दाखवलं, तिने ते न बघता तीन ऑनर्स आणि ऑर्केस्ट्रा असा फॉर्म भरला आणि म्हणाली हे दादाला पाठवा. आत्तापर्यंत तिन्हीत ए आहे. तेव्हा माझं किती ऐकायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि हो, हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. मुलगी सिटिझन नसेल, ग्रीन कार्ड नसेल, एच-फोरवर (एच-वनवाल्यांच्या बायको-मुलांचा व्हिसा) असेल, तर होप, झेल, फाफ्सा (केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज) यातलं काहीच लागू नाही, जीपीए ४.० असला तरी. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं असंच झालं, आमच्या पोरापेक्षा दसपट हुशार, आई-वडील ग्रीन कार्डच्या लाइनीत, आणि तिला बारावीत कळलं. तुम्ही प्रश्नात व्हिसाचं काही लिहिलेलं नाही. तसं असेल तर वरचं होपचं सगळं सोडून द्या, फक्त ते १७ आणि रिगर बघा, आणि प्रायव्हेट कॉलेजं स्वतःच्या पैशातून परदेशी मुलांना काय देतात ते एकेकाच्या साइटवर जाऊन बघायला आत्तापासून लागा.

किती एपी हे राहिलंच की. माझ्या मते चार वर्षांत पाच-सहा, आवडीच्या विषयातले. साडूंना विचारलंत तर तेरा.