घरात तीन लँडलाइन आहेत. बिल एकत्र केलं तर लांबच्या कॉलची सवलत तिन्ही नंबरांना मिळेल का?

आपोआप नाही मिळत. एकत्र बिल आणि सवलतीची योजना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिल एकत्र झालं की फक्त भरणा एका जागी होतो, योजना मात्र बहुतेक वेळा एकेका नंबरावर चढवलेली असते. म्हणून कंपनीला नेमकं विचारा: सवलत खात्याला आहे की नंबराला? आणि योजनेचा मासिक आकार एकदाच लागतो की प्रत्येक लाइनला? खरी मेख इथेच असते. ज्या लाइनवरून महिन्यात दोन-चारच बाहेरगावचे कॉल होतात, तिच्यावर मासिक आकार भरणं म्हणजे पैसे वाया. ती लाइन योजनेबाहेर ठेवा आणि लांबचे कॉल एकाच लाइनवरून करायची घरात सवय लावा.

कॉल मिनिटावर मोजतात की सेकंदावर, तेही बघा. मिनिटाचा हिशेब असेल तर ६१ सेकंदांच्या कॉलला २ मिनिटांचे पैसे पडतात.

बिल एकत्र करायला सगळ्या लाइन साधारणपणे एकाच नावावर असाव्या लागतात. नंबरवार तपशिलाचं बिल जरूर मागून घ्या, आणि पहिलं एकत्र बिल जुन्या बिलांशी ताडून पाहा.