ऑगस्टा काउंटीतील चार जॉन

प्रश्न : माझ्या सुनेचे माहेर अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातले. त्यांचा मूळ पुरुष जॉन हा १७४०च्या सुमारास दोन भावांसह आयर्लंडमधील अल्स्टरहून आला, असे तिच्या घरी सांगतात. परंतु तेथील ऑगस्टा काउंटीच्या (जिल्ह्याच्या) दप्तरात त्याच नावा-आडनावाचे चार जण सापडतात. जहाजाच्या यादीवरून उलगडा होईल का?

उत्तर : जहाजाच्या यादीची आशा धरू नये. पेनसिल्व्हेनियात १७२७पासून ठेवलेल्या याद्या जर्मन आणि इतर परकीय उतारूंच्या आहेत. अल्स्टरचे लोक ब्रिटिश राजाचेच प्रजाजन असल्याने फिलाडेल्फियाला उतरताना त्यांची तशी नोंद होत नसे. तीन भावांची कथा अनेक घराण्यांत ऐकू येते. ती जपून ठेवा, पण पुराव्याशिवाय वंशवृक्षात घेऊ नका.

खरा उलगडा जमिनीच्या कागदांत आहे. ऑगस्टा काउंटी १७३८मध्ये ठरली, तरी तिचे न्यायालय १७४५मध्ये सुरू झाले. त्याआधीचे कागद ऑरेंज काउंटीत पाहावेत. तेथे १७४०मध्ये काही कुटुंबप्रमुखांनी, आपण स्वखर्चाने आयर्लंडहून फिलाडेल्फियामार्गे आलो असे शपथेवर सांगून, माणशी ५० एकरांचा हक्क मागितला आणि बायकामुलांची नावेही नोंदवली. पुढच्या खरेदीखतांत हद्दीवरचा पांढरा ओक, तेथून शेजाऱ्याच्या बांधापर्यंतचे साडेसोळा फुटी ‘पोल’ या जमीन मोजण्याच्या मापातले अंतर, साक्षीदार, आणि विक्रीला संमती देणारी पत्नी, असे सारे येते. हे तुकडे कागदावर जुळवून नकाशा काढा. एका जॉनची पत्नी मार्गारेट आणि त्याच वर्षी दुसऱ्याची जेन निघाली, की तेथेच दोन माणसे वेगळी झाली. एखाद्याने कधी विकत न घेतलेली जमीन विकली असेल तर विशेष लक्ष द्या : मृत्युपत्र नसल्यास जमीन थोरल्या मुलाकडे जाण्याचा नियम व्हर्जिनियात १७८५च्या कायद्याने बदलेपर्यंत चालू होता, त्यामुळे अशा विक्रीतून बाप सापडतो. ऑगस्टातील पाद्री जॉन क्रेग यांनी १७४० ते १७४९ या काळात ठेवलेली बाप्तिस्म्यांची वहीही अवश्य पाहा.

वंशजांसाठी १७८२पासूनच्या करयाद्या वापराव्यात, कारण व्हर्जिनियाची १७९०ची जनगणना उरलेली नाही. घरातील प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव १८५०च्या जनगणनेपासूनच मिळते. एखादी शाखा अचानक दिसेनाशी झाली, तर वॅगन रोडने, म्हणजे वसाहतकाळी लोक ज्याने स्थलांतर करीत त्या गाडीरस्त्याने, दक्षिणेकडे, नॉर्थ कॅरोलायनातील रोवन काउंटीकडे शोध न्यावा.

अल्स्टरमधले गाव किंवा चर्च हाती आल्यावरच बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागाराकडे वळावे. डब्लिनच्या १९२२च्या आगीत फार मोठे दप्तर जळाले, आणि उरलेल्या याद्यांत केवळ नावावरून शोधले तर हेच चार जॉन तेथे चाळीस होतील. वाय-डीएनए (बापाकडून फक्त मुलग्यांकडे जाणाऱ्या गुणसूत्राची) चाचणी मदत करील. मात्र ती सुनेची नव्हे, तर ते आडनाव बापाकडून चालत आलेल्या तिच्या भावाची किंवा काकांची करावी लागेल.